खंडूशेठ हाकेला येतो

३ एप्रिल, सकाळी चहानंतर
ठरलं. नात ईशा, मुक्काम मुंबई, तिच्या वाढदिवसाला तीस तारखेला स्वतः लिहिलेली गोष्ट वाचून दाखवायची. फोनवर म्हणाली, आजोबा, मोबाइलमधली नको, तुमची हवी. विषय: रानातले मित्र. माझी शाळा सातवीपर्यंतच, पण वाचन दांडगं. पुस्तकच होईल. कव्हरवर माझा फोटो की प्राण्यांचा, एवढंच बघायचंय.

४ एप्रिल
सुचलं नाही. प्राण्यांत बसल्याशिवाय कसं सुचणार! उद्यापासून काजूखाली बैठक.

७ एप्रिल
मित्र मिळाला. लाल तोंडाचं माकड, एक कान फाटका. नाव ठेवलं खंडूशेठ. नावाने हाक मारली, केळं पुढे केलं, आला. सगुणा म्हणते, वांदरांना लळा लावाल तर उद्या चुलीपाशी येऊन बसतील. आमच्या बायकोला साहित्याचं अंगच नाही.

१२ एप्रिल
खंडूशेठ मंडळी घेऊन आला. सगुणा राखणीला डबा बडवते, पाहुणे बिचकतात. डबा माळ्यावर लपवला. गोष्ट अजून नाही, पण मूड तयार होतोय.

१६ एप्रिल
परसातल्या केळी गेल्या. शेवगा गेला. वाळवणाचे पापड गेले. कौलं फुटली. सगुणा म्हणाली, आता जेवणही खंडूशेठलाच रांधायला सांगा. शेजारचा सदू ओरडत आला, भागोजीकाका, तुमचे पाव्हणे आमच्या माजघरात शिरलेत. चला, ओळख वाढतेय.

२० एप्रिल
खंडूशेठ सगुणाच्या हाताला चावला. चूक तिचीच, एकदम ओरडली. दवाखान्यात सुया. तेवढ्यात डॉक्टरांना गोष्टीचा विषय ऐकवला. त्यांनी पुढचा पेशंट बोलावला. येताना रिक्षात सगुणा एक शब्द बोलली नाही. इतकी शांतता मिळूनही सुचलं नाही.

२४ एप्रिल
ग्रामपंचायतीने माकडं पकडणारे बोलावले. पिंजऱ्याकडे एकही माकड फिरकेना. सदू म्हणाला, काका, तो तुमच्या हाकेला येतो ना? सगळे माझ्याकडे बघायला लागले. वाडीत एवढा मान कधी मिळाला नव्हता.

२५ एप्रिल, सकाळी
पिंजऱ्यामागे उभा राहून हाक मारली. बाकीची मंडळी झाडावरून हलली नाहीत. खंडूशेठ एकटा आला. माझ्या तोंडाकडे बघत आत शिरला. केळं सोलायच्या आत दार पडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला. टेम्पो निघाला तेव्हा तो गजांतून माझ्याकडे हात बाहेर काढत होता. टाटा करत असणार.

२६ एप्रिल
स्फूर्ती आली! एका बैठकीत गोष्ट पूर्ण. शेवटी माकड मित्राच्या हाकेला धावत येतं. सगुणाला वाचून दाखवली. पट्टी बांधलेल्या हाताने तांदूळ निवडता निवडता तिने विचारलं, आणि पुढे? म्हटलं, पुढे काही नाही, गोष्ट संपली.

३० एप्रिल
व्हिडिओ कॉल. गोष्ट रंगली. ईशा म्हणाली, आता खरा खंडूशेठ दाखवा. म्हटलं, तो मोठ्या रानात राहायला गेला. तिने विचारलं, आपणहून गेला की तुम्ही हाक मारलीत?
आवाज तुटतोय, असं सांगून फोन ठेवला.
सगुणा शेजारीच बसली होती. म्हणाली, मला तर पोरीचं नीट ऐकू आलं.