वेफरचा कारखाना

३ जानेवारी, सकाळी ६
ही डायरी फक्त माझ्यासाठी, म्हणून खरंच लिहायचं. संकल्प: तापीकाठच्या आमच्या गावी सेमीकंडक्टर कारखाना आणणार. देवपूरच्या कॉलेजात वीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवून आणखी काय करायचं? एका कंपनीचं उत्तर आलंय: एकसलग साठ एकर आणि सतराही मालकांची लेखी संमती दाखवा, २८ फेब्रुवारीला येतो.

११ जानेवारी
गावात मीटिंग. सांगितलं, इथे वेफर बनतील, जगभर जातील. टाळ्या. जीवराम आबांनी विचारलं, आमनीच केळी लेतीन ना? मी हसलो. मग लक्षात आलं, एकटाच हसलो. आपला वेफर म्हणजे सिलिकॉनची चकती, हे सांगायला तोंड उघडलं तर आबा सही करत होते. सही करणाऱ्याला मध्येच अडवणं बरं दिसत नाही.

१२ जानेवारी
खोटं बोललो का? वाक्य तीनदा तपासलं. ‘वेफर’ हा शब्द तांत्रिकदृष्ट्या अचूक आहे. तरी पुढच्या खेपेला सांगायचंच.

२५ जानेवारी
गेट कुणाच्या बांधावर, यावरून आबा आणि त्यांचा धाकटा भाऊ नवल यांची जुंपली. नवलने आबांच्या कानाखाली वाजवली. आबांनी केळीच्या घडाच्या दांड्याने त्याचं डोकं फोडलं. सात टाके. संमतीपत्रावर रक्ताचे थेंब. मजकूर वाचता येतो. बायको, भूमिका, म्हणाली, अहो, आता तरी सांगून टाका. तिला कळत नाही, गुंतवणूक म्हटली की स्पर्धा आलीच. आबांची सही आहे म्हटल्यावर नवलनेही केली, पट्टी बांधलेली असतानाच. एकूण पंधरा.

९ फेब्रुवारी
अमळनेरला नासीर भेटला. मोठ्या कढया बनवतो. आमच्या गावाने त्याला बारा कढया सांगितल्यात. त्याने सरळच विचारलं, सर, तुमचा वेफर खायचा नसतो ना? मी एका कढईचा व्यास मोजू लागलो. म्हणाला, सांगून टाका, नाहीतर मारतील. सांगितलं तरी मारतील, पण कमी. चांगला माणूस, जरा निराशावादी.

२७ फेब्रुवारी
सतरा सह्या पूर्ण! उद्या कंपनीच्या साहेबांसमोर शांतपणे खुलासा करणार. स्लाइड नंबर नऊ.

२ मार्च, हॉस्पिटल
डाव्या हाताने लिहितोय. उजवा प्लास्टरमध्ये.
बाराही कढयांत तेल तापलेलं होतं. आबा साहेबांना म्हणाले, पहिला घाणा तुमीच सोडा. साहेबांनी गोंधळून बॅगेतून नमुन्याची चकचकीत चकती काढली आणि म्हणाले, वेफर तर हा आहे. नवलने ती घेऊन कडकन चावली. चकतीचे तुकडे झाले, नवलचा ओठ फाटला. तशाच रक्ताळलेल्या तोंडाने त्याने मला विचारलं, हाई काय शे? मी स्लाइड नऊ लावली. आबांनी प्रोजेक्टर उचलून माझ्या डोक्यात घातला. मग नवलने दांडा घेतला. साहेबांची गाडी शेतातूनच पळाली.
नोंद: दोघे भाऊ प्रथमच एका बाजूने लढले.

३० मार्च
गेटवरून जुंपली होती त्याच बांधावर केळी वेफरचा कारखाना सुरू झाला. दोघे भाऊ आणि नासीर. आबा पाकिटाचा मजकूर घेऊन घरी आले. म्हणाले, तू शिकेल माणूस, तपासी दे. आणि खाले सही कर, म्हणजे गावले भरोसा वाटी.
ठळक अक्षरांत एकच ओळ होती: ‘हे खायचे वेफर आहेत.’
तीनदा वाचली. तांत्रिकदृष्ट्या अचूक. डाव्या हाताने सही केली.