कच्ची मळी

४ मार्च
आजही फुगली! कालपेक्षा कमी, पण फुगलीच. मळीचा दाबून केलेला गोळा गरम पाण्यात, वर फुगणं मोजणारं मीटर. काटा सरकला म्हणजे मळी कच्ची. पोलादाच्या भट्टीतून ही दगडासारखी मळी निघते तेव्हा हिच्या पोटात कळीचा चुना असतो. बाबांच्या वखारीच्या अंगणात पसरून, पाणी मारून मारून मुरवावी लागते. न मुरवता रस्त्याखाली घातली तर तिथे फुलते आणि वरचा रस्ता उचलते.
जेवताना हे सांगितलं, तर दादा म्हणाला, "आली सुईणबाई! कितवा महिना लागला तुझ्या ढिगाला?"
वहिनीला हसून हसून ठसका लागला. "स्वतःचं लग्न जमेना, आणि दगडांची पोटं तपासतेय!"
बाबा हसले नाहीत. दादा-वहिनीला गप्पही केलं नाही.

१३ मार्च
काटा सरकला.

१९ मार्च
गावप्रमुख येऊन गेले. बंदरापासून कालवांच्या बाजारापर्यंतचा रस्ता आमच्या मळीवर होणार. पाटी आधीच लागली आहे – हिरवा रस्ता! त्यांचं बोलणं मला मनापासून पटतं. नदीतून खडी उपसायची नाही, भट्टीची घाण समुद्रात लोटायची नाही. लहानपणी नदी बघितली आहे मी, खड्डे खड्डे झालेली.
पण त्यांना घाई आहे. बाबांकडे बघून म्हणाले, "म्हातारबा, तुमच्या लेकीचं मीटर जरा लवकर झोपवा की!"
मी म्हटलं, अजून मुरायची आहे. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मी चहा न पिताच उठले.

१ एप्रिल
पूर्वजांची थडगी झाडायचा सण आला. बाबा म्हणाले, "या वेळी आजोळची थडगी तू झाडून ये. आई असती तर तीच गेली असती." मी म्हटलं, ढिगाला पाणी कोण मारेल? "मी मारेन." बाबा स्वतः! मला लाज वाटली विचारल्याची.

७ एप्रिल
काटा हलला नाही!!
माझाच विश्वास बसेना. मीटर काढून पुसलं, पुन्हा लावलं. ढिगाच्या चारही बाजूंनी मळी काढली, नेहमीसारखी कोपरापर्यंत हात घालून. वरवरची घ्यायची नाही, वरची सगळ्यांत आधी मुरते. शाळेत जायच्या आधीपासून बाबांनी हे शिकवलंय. आकडेही त्यांच्याकडूनच शिकले, मळीच्या धुळीत बोटाने काढून.

१६ एप्रिल
अजूनही हलला नाही. मळी मुरल्याच्या दाखल्यावर सही केली. बाबा म्हणाले, "शाबास." आयुष्यात कधी म्हणाले होते का? आठवत नाही. खोलीत येऊन रडले. वेडी!

२० मे
रस्ता झाला. काळा, गुळगुळीत. कालवं विकणारी शिऊ-चू मावशी तीनचाकी थांबवून विचारत होती, "पोरी, भट्टीच्या दगडांचा म्हणे हा. धड आहे ना?" मी म्हटलं, मावशी, मी स्वतः तपासलाय. डोळे मिटून चालव.
मीच बोलले हे, इतक्या ठामपणे!

९ ऑगस्ट
बाजाराच्या वळणावर रस्त्याला टेंगूळ आलंय. पाऊस खूप झाला. पावसानेच असेल.

१५ ऑगस्ट
टेंगळं मोजवत नाहीत आता. काही फुटली आहेत, आतून पांढरं दिसतं.

१८ ऑगस्ट
टेंगळावर शिऊ-चू मावशीची तीनचाकी उलटली. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात गेले, तर तिने तोंड भिंतीकडे केलं. तिची सून म्हणाली, "डोळे मिटून चालव म्हणालात ना? चालवली."

१९ ऑगस्ट
पाणी थंड होतं का? मीटर अडकलं होतं का? तेव्हाच्या उरलेल्या मळीवर सगळं पुन्हा करून बघितलं. कुठे चुकले ते सापडत नाही.
दादा म्हणतो, "पहिल्याच बाळंतपणाला हात थरथरला सुईणबाईंचा!"

२३ ऑगस्ट
आज जेवताना मी म्हटलं, माझ्या हातून चूक झाली, मी जाऊन कबूल करते.
वहिनी फसकन हसली. "अहो, सांगून टाका तिला. केव्हाची मुरलेल्या मळीलाच उकळतेय!"
मला कळेना. मग शेडमागची रिकामी जागा आठवली, आणि कळलं. शेडमागचा जुना, मुरलेला ढीग कच्च्या ढिगावर पसरला होता. मी आजोळी असताना. रस्त्याला तो पुरला नसता. माझ्या गोळ्यांना पुरला.
मी दादाकडे बघितलं. तो म्हणाला, "माझ्याकडे काय बघतेस? लोडर मी नाही चालवला."
बाबा माशाचे काटे काढत होते. थर कोपराच्या खालपर्यंत हवा, हे माझ्याशिवाय एकाच माणसाला माहीत होतं.
"बाबा, का?"
"तुझ्या आकड्यावर या गावात कुणी शंका घेत नाही. उगाच नाही शिकवलं तुला." माशाचा मऊ तुकडा त्यांनी माझ्या वाडग्यात ठेवला. "खा."

२४ ऑगस्ट
दादा समजूत घालतो. त्याची समजूत घालणं म्हणजे – "जा, सांग. उद्यापासून या जिल्ह्यात कुणी मळीला हात लावणार नाही. पुन्हा नदी खणतील. तुझी लाडकी नदी! आणि सही कुणाची आहे? बाबांची?"
नदीचं तो खरं बोलतोय. सहीचंही.

२६ ऑगस्ट
मावशीचं ऑपरेशन झालं. चालता येईल की नाही, सांगत नाहीत.
बाबांनी विचारलं, "नवीन मळी आली, पाणी मारलंस का?" मारलं. हात आपोआप जातो.

२७ ऑगस्ट
जिल्ह्याच्या ऑफिसात गेले. आधी माझं नाव सांगितलं, सही माझीच म्हणून. साहेबांनी विचारलं, "थर कुणी घातला?" आमच्यात वडिलांचं नाव तोंडाने घेत नाहीत. मी कधीच घेतलं नव्हतं. साहेबांना नीट ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा घेतलं, मोठ्याने. शिआव रुई-शेंग.