रेडिएटरमधली साय

दादा,

पिकअप सुरू करू नकोस, आधी हे वाच.

सकाळी रेडिएटरचं झाकण काढलं, तर पाण्यावर तपकिरी साय, म्हणजे पाण्यात ऑइल उतरलंय. ऑइल कूलर गेला असेल अशी मनाची समजूत घातली, पण ऑइल मोजायची डिपस्टिकही दुधाळ निघाली, म्हणजे ऑइलमध्येही पाणी. मग माझंच पाप आठवलं. गेल्या महिन्यात इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं हेड गॅस्केट मी जुनंच परत बसवलं आणि तुला नवीन म्हणून सांगितलं.

वहिनीचे दिवस भरलेत. तिला घेऊन घाट उतरताना इंजिन जाम झालं तर स्टिअरिंग, ब्रेक सगळं दगड होईल.

मास्तरांची गाडी आणायला जातोय. तोवर कळा आल्या तर ॲम्ब्युलन्स बोलव. तू ऐकणाऱ्यातला नाहीस, म्हणून पिकअपची बॅटरीच काढून नेतोय.

शिव्या आल्यावर घाल.

धाकटा