नऊ दिवसांचा आठवडा

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ती. मामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

समोर बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून ही चिठ्ठी धाकटीच्या बुटांच्या पिशवीतून शाळेच्या मैदानावर पाठवते आहे. पाकीट चारी बाजूंनी चिकटवलंय; तिने फोडलं तर कळेल.

फुटबॉल अकादमीत दर सोमवारी पालकांनी तक्ता भरून द्यायचा असतो, मुलगी आठवड्यात काय काय खेळली त्याचा. आईची कामाची पाळी सकाळची, म्हणून तो मी भरते. अकादमीतल्या मुलींना शाळेच्या संघातून खेळायला अकादमीची बंदी आहे, त्यामुळे बाकीचे पालक शनिवारपुढे डोळे मिटून ‘विश्रांती’ लिहितात. मी लिहिलं, ‘शाळेचा उपांत्य सामना, पूर्ण वेळ. उजवा गुडघा सुजला आहे.’ मला लिहायला तुम्हीच शिकवलंत, स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसवून. खोटं एक अक्षर चालायचं नाही तुम्हाला.

आता तिथले सर म्हणतात, शुक्रवारी तुम्ही शिकवता त्या शाळेच्या संघाकडून फायनल खेळली तर नाव काढून टाकू. धाकटी म्हणते, मी तिच्या मुळावर उठले. दोन्ही मैदानं माझ्यापायी जातील की काय, अशी धास्ती वाटते. मला क्षमा करा.

तुमची भाची

गुरुवार, ६ फेब्रुवारी

चि. भाचीबाईंना पोटभर आशीर्वाद.

चिठ्ठी वाचून आधी माझं डोकंच फिरलं. मग गुडघ्यापाशी अडखळलो. मला तिने सांगितलं होतं, नवे बूट चावतात म्हणून लंगडते. मी ते मानलं, कारण मला मानायचंच होतं. करंडक हवा होता, दुसरं काय!

काल तडक अकादमीत गेलो. अकादमी निघाल्यापासूनच्या सहा वर्षांत पहिल्यांदाच ते फाटक ओलांडलं. आधी चांगली जुंपली. जिल्हा संघाच्या निवडीच्या दिवशी मिरवायला त्या सरांनाही ती हवीच होती. मग दोघांनी आपापले सरावाचे कागद शेजारी ठेवले. त्यांचे पाच दिवस, माझे चार. पोरीचा आठवडा आम्ही नऊ दिवसांचा केला होता! तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. सहा आठवडे धावणं बंद. आणखी रेटलं असतं तर कायमचं दुखणं झालं असतं, म्हणाले. नाव दोन्हीकडे राहील. यापुढे तक्ता एकच, दोघांच्या सहीचा.

क्षमा मागणं पुरे. आभार मीच मानतो.

मामा

सोमवार, १० फेब्रुवारी

ती. मामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

फायनल आपण हरलो, तरी तुम्ही मला एका शब्दाने टोचलं नाहीत. बाकावर धाकटीच्या एका अंगाला तुम्ही, दुसऱ्या अंगाला अकादमीचे सर, आणि पंचांच्या नावाने बोटं मोडताना मात्र दोघांचं एकमत. आईला हसू आवरेना. स्वतःची चूक भाचीला कागदावर लिहून देणारा मामा किती जणींना मिळतो? तुमचे उपकार कसे फेडू, कळत नाही.

धाकटीने चार दिवस अबोला धरला होता. ताट आदळायची नुसती. काल डॉक्टरांनी दिलेला व्यायाम करताना घोटा धरायला कोणी नव्हतं, तेव्हा हाक मारली; ताई नव्हे, नुसतं अगं. मी घोटा धरला, आकडे मोजू लागले. बाराव्याला तिने ओठ आवळले. पण मी विचारायच्या आत तीच म्हणाली की दुखतंय, थांबूया.

आम्ही थांबलो.

तुमची माया आहेच, ती अशीच असू द्या.

तुमची भाची