कोऱ्या चहाबरोबर

शेवगाव, गुरुवार

प्रिय सुकन्या,

तुझा फोन येऊन चार दिवस झाले. ऊसतोडीच्या सहाही बायकांच्या पोटात तुझी शुगरची गोळी टिकत नाही, शनिवारी समिती चाचणी बंद करणार, असं सांगताना तू रडत होतीस. मी मेडिकलच्या काउंटरवरून म्हणाले, फॉर्म्युल्यातच खोट असेल. फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

कॉलेजात पहिली तरंगती गोळी, पोटातल्या अन्नावर तरंगत दिवसभर हळूहळू विरघळणारी, आपण दोघींनी केली होती ना? सोडा किती घालायचा ते मी सांगितलं होतं. बारा तास आळीपाळीने बीकरपाशी बसलो. फडात तीन-तीनदा गोळ्या कोण घेणार, दिवसाला एकच हवी, हे तुला ऊस तोडणाऱ्या माझ्या आईकडे बघूनच सुचलं. मग तू पुण्याला गेलीस आणि मी इथे खोकल्याच्या बाटल्या विकते. पेपरात तुझा फोटो आला, तेव्हा मी त्याची पुडी बांधली. आईने ती सोडून कागद हाताने सरळ केला आणि ट्रंकेत ठेवला. माझं डिग्रीचं सर्टिफिकेट कुठे आहे ते मात्र तिला ठाऊक नाही.

संक्रांतीला मी फडाशेजारी आईच्या कोपीवर, त्या पाचटाच्या झोपडीत, मुक्कामाला होते. तुझ्या गोळीच्या पाकिटावर लिहिलंय, सकाळी जेवणानंतर. टोळीची सकाळ चारला होते, कोऱ्या चहावर. भाकरी अकराला, बांधावर. आई चहाबरोबर गोळी घेते आणि तिचं बघून बाकीच्या पाचजणीही. पोटात अन्नच नसेल तर ती गोळी तरंगणार कशावर, लगेच पुढे सरकणारच ना? तुमची नर्स फोनवर विचारते, तेव्हा आई सांगते, "व्हय, जेवूनच घेतली." सुकन्या पोरीच्या गोळीला नाव ठेवायचं न्हाई, असं तिचं म्हणणं. मी सगळं पाहिलं आणि गप्प बसले. तिलाही काही बोलले नाही. एकदा तरी तुझं चुकू दे, एवढंच मनात होतं.

काल आई फडात चक्कर येऊन पडली. शुगर साडेतीनशे. आता बरी आहे, माझ्याकडेच आहे. डोळे उघडल्यावर आधी मला म्हणाली, "सुकन्याला कळवू नगं, तिच्या गोळीचं नाव खराब हुईल."

म्हणून कळवते आहे. फोनवर तोंडातून निघालं नसतं, आणि समितीला कागद लागतो. एसटीच्या पार्सलने हे पत्र उद्या तुला मिळेल. शनिवारी वाचून दाखव. माझं नाव गाळू नकोस.

चालत असेल तर अजूनही तुझीच,
निकिता