वरचा एक रुपया

४ सप्टेंबर २००७, मंगळवार

पळाला! हाही पळाला! दिल्लीचा तो. नेटवरच्या लिलावात माझी गोधडी त्याच्या नावावर सुटली. रोज 'मॅडम, चेक निकल गया'. आज फोन केला तर कोणी बाई — 'रॉंग नंबर'. आणि मागून ह्याचाच आवाज — 'बोल दो, घर पे नहीं हूँ'! निर्लज्ज!

प्रितेश जेवता जेवता हसला. 'भिवंडीत एवढं मार्केट पडलंय नि माझी बायको न दिसणाऱ्या माणसांना माल विकते.' मार्केटवाला गोधडीचे दीडशे देतो, हे नवरोबांना माहीत आहे. लूमवरून कापडाचे तुकडे आणायचे, निवडायचे, मग मी आणि सासूबाईंनी महिना महिना टाके घालायचे. दीडशेत पाठीला चोळायचं मलमसुद्धा येत नाही.

६ सप्टेंबर

दिवसभर लाईट नाही. बरंच झालं. कोणी फसवलं नाही.

९ सप्टेंबर, रविवार

हा ठाण्याचा. 'स्टेशनला घेऊन या, रोख देतो.' गेले. त्याने भर रस्त्यात गोधडी उलगडली, वास घेतला — वास! — आणि म्हणाला, 'फोटोत मोठी वाटली होती. तीनशे देतो.' बोली किती लावली होतीस रे बाबा? हिसकावून घेतली, घडी घातली, रिक्षा पकडली. घरी नारपोलीला येईपर्यंत डोकं तापलेलंच.

दारातच सासूबाई. 'कोनी घेतली गो?' त्यांना नेहमी हेच हवं असतं. पैशाचं नाही विचारत, गोधडी कोणाच्या अंगावर पडणार ते विचारतात. म्हटलं, चांगल्या घरात गेली. त्या आत वळल्यावर गोधडी कपाटात साड्यांच्या मागे कोंबली.

१८ सप्टेंबर

प्रितेशने आज ठरवूनच टाकलं. कम्प्युटर त्याच्या चुलतभावाचा, भाविकचा. 'दसऱ्यापर्यंत एक तरी गोधडी नीट विकून दाखव. नाहीतर डबा भाविककडे परत.' डबा म्हणे! ह्या घरात माझं म्हणून तेवढंच एक आहे.

माहेरी खारबावला आबांना फोन लावला आणि रडूच आलं. आबा म्हणाले, 'रडू नको गो. ह्यो लिलाव म्हंजी आपल्या देवीच्या नारलाचा असतो तसाच ना?' म्हटलं, तसाच, फक्त कम्प्युटरवर. 'मंग सागरला सांगतो, दाखव म्हनून.' सागरने, माझ्या भावाने, त्याच्या मोबाईलच्या दुकानात नेट घेतलंय. बघू देत म्हाताऱ्याला लेकीची गोधडी. बरं वाटेल.

२६ सप्टेंबर

अडीच हजार! अडीच हजार एक!

पुण्याच्या एक बाई होत्या, नातवासाठी हवी होती त्यांना. रंग टिकेल का, कापूस घातलाय का, सगळं नीट विचारलं. त्यांनी नऊशे म्हटलं तर कोणी 'देवीकृपा' नावाचा आला — एक हजार एक. त्यांनी बाराशे, ह्याने पंधराशे एक. शेवटी बाई थकल्या. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी देवापुढे साखर ठेवली. आबांना फोन केला. 'मंग! वस्तू कोनाच्या घरची हाय!' माझ्यापेक्षा तेच जास्त खूश.

३ ऑक्टोबर

देवीकृपाचा पत्ता नाही. चार निरोप पाठवले. उत्तर नाही.

पुण्याच्या बाईंना कळवलं — तुम्हाला नऊशेला देते. 'सॉरी, आम्ही दुसरीकडून घेतली.'

९ ऑक्टोबर

परत लावली होती. नाशिकचा एक जण खरोखर घेणार होता, फोनवर बोलला होता माझ्याशी. आणि पुन्हा तोच! तीन हजार एक! अरे, घ्यायची नाही तर मधे कशाला तडमडतोस? आणि त्या वरच्या एक रुपयाची काय हौस आहे मेल्याला! नाशिकवाला रागावला. 'तुमचीच माणसं भाव चढवतात' म्हणाला. मला! माझी माणसं!

खरेदी करणाऱ्याबद्दल शेरा लिहायची सोय असते. वाईट शेरा नावापुढे लाल दिसतो, सगळ्या देशाला. लिहिलं — 'हा लबाड माणूस आहे. बोली लावतो आणि पैसे बुडवतो. घरी आई-बहीण असेल तर लाज बाळग.' इंग्रजीत लिहिलं, नीट कळावं म्हणून. फार बरं वाटलं.

२० ऑक्टोबर, शनिवार

उद्या दसरा. प्रितेशने कम्प्युटर जुन्या चादरीत बांधला आणि भाविककडे नेऊन दिला. टेबलावर धुळीचा चौकोन राहिलाय. पुसला नाही मी. सासूबाईंनी नवीन गोधडीला घेतलेली सुई खोचून ठेवली.

उद्या माहेरी जाते. निदान तिथे कोणी 'खपली का' विचारणार नाही.

२१ ऑक्टोबर, दसरा. खारबाव

देवीच्या नारळाचा लिलाव झाला. तुळशीरामकाका अकराशेवर थांबले. आबा उठले, फेटा सावरला — 'दोन हजार पाचशे एक!' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पैसे पुढच्या दसऱ्याला द्यायचे, आपल्याकडे पहिल्यापासून तसंच. आजवर कोणी बुडवलेले नाहीत.

मी सागरकडे बघितलं. तो खाली मान घालून चपलेने माती उकरत होता.

घरी आल्यावर आबांना देवीकृपाबद्दल विचारलं. लपवलं नाही त्यांनी. 'अगो, लेकीची वस्तू परक्यानं हजारात न्यावी आनि बापानं बगत बसावं? पैसं पुढल्या दसऱ्याला देतो की. रीतच हाय.' मग जवळ सरकून हळूच म्हणाले, 'सागर म्हनतो, तिथं माझ्या नावापुढं लाल अक्षरांत कायतरी लिवलंय. इंग्रजी हाय, त्याला लागत न्हाय म्हनतो. तू वाचलंस का? काय हाय गो?'

म्हटलं, सगळ्यांत मोठी बोली ज्याची, त्याचं नाव लाल करतात, आबा.