मनगटातलं काजूएवढं हाड

४ फेब्रुवारी
पडले! बिल्डिंगमागच्या मोकळ्या जागेत, ह्यांच्या स्कूटरवरून. मी स्वतः चालवत होते! दोन फेऱ्या पूर्ण झाल्या, तिसऱ्या वळणाला तोल गेला आणि उजवा हात टेकला. बत्तीस वर्षं मागे बसले. हे जाऊन पाच महिने झाले, स्कूटर नुसती उभी. आता शिकायचीच.

५ फेब्रुवारी
मनगट सुजलंय. एक्स-रेत काही नाही. लेक म्हणाली, "नुसतं मुरगळलंय. पण ती स्कूटर आता विक, आई. वय काय तुझं!"

७ फेब्रुवारी
दुखणं थांबेना. लेक आणि मी हाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी अंगठा ताणायला लावला. मुळाशी खळगा पडतो, तिथे बोट दाबलं. मी किंचाळले. मी!

"हेच हवं होतं, काकू!"

तिथे नावेच्या आकाराचं हाड असतं, काजूएवढं. मोडलं तरी पहिल्या फोटोत बरेचदा लपतं. त्याला रक्त मुख्यतः एकाच टोकाकडून मिळतं; हयगय केली तर दुसरा तुकडा मरू शकतो. म्हणून काही दिसत नसताना प्लास्टर! हे डाव्या हाताने लिहितेय.

"स्कूटर चालवता येईल?" मी विचारलं.

"हाड जुळलं तर. नाही तर हँडलची मूठ पिळताना जीव जाईल."

लेकीने कपाळावर हात मारला.

२१ फेब्रुवारी
दिसली! प्लास्टर कापून, हात करंगळीकडे वाकवून फोटो काढला — मधोमध केसाएवढी रेघ. म्हणजे मी उगाच कण्हत नव्हते! लेक म्हणते, "हाड मोडल्यावर एवढं खूश झालेलं माणूस मी पहिल्यांदाच बघतेय." तुकडे सरकलेले नाहीत, स्क्रूची गरज नाही. पुन्हा प्लास्टर.

९ मार्च
आत खाज! विणायची सुई घातली. डॉक्टरांना सांगायचं नाही.

४ एप्रिल
स्कॅन. अर्धंच जुळलंय. अजून चार आठवडे. घरी येऊन सरळ झोपले.

३ मे
जुळलं! मनगट वाळक्या काटकीसारखं झालंय, धड वळत नाही. दाराची मूठ पिळायचा सराव करते. आज तोंडाने इंजिनाचा आवाजही काढला — घरात कुणी नव्हतं.

लेकीचा फोन. "बाबांची आठवण म्हणून एवढा हट्ट ना? ठेव स्कूटर. मी नाही बोलणार आता."

"बरं," म्हटलं आणि फोन ठेवला.

२९ मे
ह्यांची स्कूटर विकली. लेक रडली. "बाबांची होती गं!"

काय सांगू? तिच्यावर बसल्यावर माझे पाय जमिनीला टेकतच नव्हते.

उद्या माझी येतेय. बुटकी, निळी.